झाकलेली ऊब

गेल्या हिवाळ्यात न्यूयॉर्कहून मुलीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि तिने विचारलं, "अब्बा, रेडिएटरवर झाकण घ्यायचंय. लाकडी घेऊ की पत्र्याचं?" आता रेडिएटर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे घाट चढून आलेली एस.टी. उभी राहते. ड्रायव्हर बॉनेट उघडतो, हाताला फडकं गुंडाळून झाकण फिरवतो, वाफेचा लोट उठतो आणि मागून कुणीतरी डबडं भरून पाणी आणतं. त्या झाकणाबद्दल ती विचारत असेल असं क्षणभर वाटलं. पण तिचा रेडिएटर घरातला होता, खिडकीखालचा. आणि नात नुकतीच रांगायला लागली होती.

गंमत अशी, की दोन्ही यंत्रं एकच काम करतात. मोटारीतला रेडिएटर इंजिनाची नको असलेली उष्णता बाहेर टाकतो, घरातला रेडिएटर हवी असलेली उष्णता खोलीत सोडतो. आपल्याकडे थंडीच मुळात पाहुणी, त्यामुळे हे प्रकरण आपल्या घरात आलं नाही. पण बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, आणि मोसंबीएवढी तोटी. आता अशी कल्पना करा, की निखारे तळघरात ठेवले आणि गरम पाणी किंवा वाफ नळांतून मजल्यामजल्यावर फिरवली. प्रत्येक खोलीत त्या नळाला पोकळ लोखंडी फासळ्यांचा एक सांगाडा जोडला. फासळ्या तापतात, त्यांना लागून असलेली हवा तापून वर जाते, खालून गार हवा आत येते. झाला रेडिएटर. बंबापाशी खेळणाऱ्या पोरांना आमची दादी ओरडायची, "चटका बसंल!" तिच्या त्या ओरडण्याचंच लाकडी किंवा पत्र्याचं रूप म्हणजे हे झाकण, असं मला आधी वाटलं. मग वाचायला लागलो आणि कळलं, की झाकणाची गोष्ट एवढी सरळ नाही.

हा लोखंडी सांगाडा घडवण्याचं श्रेय बहुधा फ्रांझ सान गाली या माणसाला दिलं जातं. जन्म 1824 चा, प्रशियातल्या श्टेटिन गावचा. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. धंद्यासाठी तो रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. 1855 ते 1857 च्या दरम्यान त्याने जाड नळ्यांची आणि तबकड्यांची एक जोडणी तयार केली. जिथे हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या हाकत, अशा शहरात ही वस्तू जन्मली हे रास्तच झालं.

पण त्याच शहरावर पुढे काय वेळ आली तेही सांगायला हवं. 8 सप्टेंबर 1941 ला जर्मन फौजांनी त्या शहराला, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा घातला. तो उठला 27 जानेवारी 1944 रोजी. पहिल्या हिवाळ्यात कोळसा संपला, वीज गेली, नळांतलं पाणी गोठलं. रेडिएटर भिंतीला होते, पण बर्फासारखे गार. लोकांनी खोलीच्या मध्यभागी पत्र्याच्या छोट्या शेगड्या मांडल्या आणि त्यांत आधी खुर्च्या जाळल्या, मग कपाटं, मग पुस्तकं. लिहिणाऱ्या माणसाला ही शेवटची गोष्ट वाचताना जरा थांबावं लागतं. पण मुलाच्या अंगात ऊब राहावी म्हणून कुणी माझाही कवितासंग्रह शेगडीत घातला, तर मी काय बोलणार?

याच देशात, व्होल्गाकाठच्या समारा शहरात, 2005 साली रेडिएटरचं चक्क स्मारक उभारलं गेलं. रेडिएटर, त्यावर खिडकीची चौकट आणि चौकटीत पहुडलेलं मांजर. सेनापतींचे पुतळे पुष्कळ झाले. हिवाळ्यात ज्याच्या जिवावर दिवस काढायचे त्याचाही एखादा असावा, हे मला पटतं.

अमेरिकेत हा रेडिएटर शिरला तो मात्र थाटात. 1870 च्या दशकात नेल्सन बंडी नावाच्या माणसाचा ओतीव लोखंडाचा रेडिएटर तिथे फार खपला. 1877 मध्ये लॉकपोर्ट गावात बर्डसिल हॉली याने एकाच बॉयलरमधून रस्त्याखालच्या नळांनी अनेक इमारतींना वाफ पुरवून दाखवली आणि 1882 पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांखालून वाफ वाहू लागली. ती आजही वाहते. 1892 साली काही कारखाने एकत्र येऊन 'अमेरिकन रेडिएटर कंपनी' झाली. त्या काळातले रेडिएटर बघितले तर त्यांच्यावर वेलबुट्टी आहे, फुलं आहेत, खाली सिंहाच्या पंजासारखे पाय आहेत. झाकायचं कुणाच्या मनातही नव्हतं. दिवाणखान्यात रेडिएटर असणं म्हणजे आपल्याकडे एकेकाळी हॉलमध्ये फ्रिज ठेवत, तसं होतं. 1924 मध्ये त्या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची उंच इमारत बांधली. जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीने 1927 मध्ये तिचं रात्रीचं चित्र रंगवलं.

मग दाखवायची ही वस्तू झाकायची का झाली? फॅशन बदलली हे एक कारण. पण दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते श्वासाशी निगडित आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एक भीती पसरली होती, की बंद खोलीत माणसाने सोडलेली हवा हीच विषारी असते. लुईस लीड्स नावाचा वायुवीजनाचा तज्ज्ञ गावोगाव याच विषयावर व्याख्यानं देत असे. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो आणि त्यांची बहीण कॅथरिन यांनी 1869 साली गृहिणींसाठी एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही घराच्या हवेशीरपणावर मोठा भर आहे. कारणमीमांसा चुकीची होती, उपाय मात्र बरोबर: खिडक्या उघड्या ठेवा. मग 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसं नेली असा अंदाज आहे. अमेरिकन शहरांत आरोग्य खात्यांनी सांगितलं, हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवा. इंजिनिअर लोकांनी ते मनावर घेतलं. बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि खिडकी सताड उघडी आहे, असं धरून बॉयलर आणि रेडिएटर यांची मापं ठरवली गेली.

पुढे साथ विसरली गेली. खिडक्या बंद झाल्या. बॉयलर मात्र तेच राहिले, रेडिएटरही तेच. कोळशाच्या जागी तेल आलं, वायू आला, तरी वाफ येत राहिली. न्यूयॉर्कच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात बाहेर 13 अंश सेल्सिअसच्या खाली पारा गेला, की दिवसा घरात निदान 20 अंश आणि रात्री बाहेर काहीही असो, निदान 17 अंश ऊब मालकाने द्यायचीच. नियम गरिबाच्या बाजूचा आहे, मला तो फार आवडतो. पण किमान किती हे कायदा सांगतो, कमाल किती हे जुना बॉयलर ठरवतो. त्यामुळे जानेवारीत बाहेर बर्फ आणि आत बनियनवर बसलेली माणसं, खिडकी उघडी, असं दृश्य तिथे सर्रास दिसतं. मुलगी सांगते, "अब्बा, आम्ही नळ बंद केला तर खोली गारठते, उघडला तर भट्टी."

या भट्टीवर लोकांनी दोन उतारे काढले. एक, रेडिएटरला चंदेरी रंग लावायचा. 1920 च्या दशकातल्या चाचण्यांतून असं दिसलं, की ॲल्युमिनियमच्या रंगाने रेडिएटरची उष्णता देण्याची ताकद साधारण दहा ते वीस टक्क्यांनी घटते. जुन्या घरांतले चंदेरी रेडिएटर शोभेसाठी तसे रंगवलेले असतील असं आपल्याला वाटतं. कित्येकदा तो उकाड्यावरचा उपाय होता. दुसरा उतारा म्हणजे झाकण. चारी बाजूंनी पेटी केली की आतली हवा कोंडते आणि ऊब कमी बाहेर येते. म्हणजे आज ज्या झाकणाबद्दल 'ऊब अडवतं' अशी तक्रार होते, ते एकेकाळी ऊब अडवावी म्हणूनच बसवत. अलीकडे हीच कल्पना शहाणी झाली: मार्शल कॉक्स या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने आपल्या उकडणाऱ्या खोलीवरून धडा घेऊन उष्णतारोधक झाकण केलं. त्याच्या आतला पंखा हवी तेवढीच ऊब बाहेर सोडतो. 2012 मध्ये एमआयटीच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं.

आता मुलीचा प्रश्न. लाकूड की पत्रा, हे त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं. रेडिएटर या नावात 'किरण फेकणारा' असा अर्थ आहे, पण तो निम्म्याहून अधिक काम हवा फिरवून करतो. म्हणून झाकणाला खाली मोकळी जागा हवी, गार हवा आत यायला. आणि वर जाळी हवी, तापलेली हवा बाहेर पडायला. आमच्याकडच्या माणसाला जाळी शिकवायला नको. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. तिथे नजरेला आडोसा मिळतो, उजेड मात्र अडत नाही. रेडिएटरच्या झाकणाकडूनही तेवढंच मागायचं. नुसती समोर नक्षी आणि वर सपाट फळी असेल, तर ती पेटी झाली, जाळी नव्हे. पत्रा लवकर तापतो, पण ऊबही खोलीत पोचवतो. लाकूड हाताला सुखाचं, पण वाफेच्या रेडिएटरवर वर्षानुवर्षं सुकून वाकतं.

आणखी एक बारकावा. 1943 मध्ये डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी खोलीच्या उबेनुसार आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह आणला. आज युरोपभर तो दिसतो. असा व्हॉल्व्ह झाकणाच्या आत कोंडला, तर त्याला पेटीतली गरम हवाच खोलीची वाटते. तो मिटून बसतो आणि घरातले कुडकुडतात.

हे सगळं मी मुलीला उत्साहाने सांगत होतो. मग एक जुनी बातमी वाचली आणि उत्साह उतरला. डिसेंबर 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, बेघर कुटुंबांना ठेवलेल्या एका घरात, रेडिएटरच्या व्हॉल्व्हमधून सुटलेल्या वाफेने दोन लहानग्या बहिणी गेल्या. एक वर्षाची, एक दोन वर्षांची. त्यांनी कुठे हात लावला नव्हता. वाफच खोलीत भरली. अशा वाफेपुढे जाळीचं झाकण काय करणार? चटक्यापासून ते वाचवतं हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये दवाखाने आणि वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांच्या किंवा रुग्णांच्या हाताला लागू शकणारा पृष्ठभाग 43 अंशांपेक्षा जास्त तापू नये असा दंडक आहे, तो याचसाठी, आणि तिथे झाकणं बसवतातही. पण वाफेच्या घरात झाकण आणखी एक काम करतं, ते म्हणजे गळणारा, गंजलेला, सुसकारणारा व्हॉल्व्ह नजरेआड करणं.

म्हणून मी मुलीला पुन्हा फोन केला. म्हटलं, बेटा, झाकण कुठलंही घे, पण व्हॉल्व्हच्या बाजूला उघडता येणारं दार असलेलं घे. आणि आधी तो व्हॉल्व्ह कुणाला तरी दाखव. तिने पांढऱ्या पत्र्याचं, वर जाळी असलेलं मागवलं. ते येऊन आठ दिवस झाले तरी खोक्यातच होतं. इमारतीची देखभाल करणारा माणूस येऊन व्हॉल्व्ह बदलून गेल्यावरच ते बसवायचं, असं तिने ठरवलं होतं. तोवर नातीचा पाळणा खिडकीपासून दूर, दुसऱ्या भिंतीला लावला होता.