सुमोची परंपरा नेमकी किती जुनी?

विषय सुमोच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात मी अलीकडच्याच एका दिवसापासून करणार आहे. ४ एप्रिल २०१८. जपानच्या क्योतो प्रांतात माइझुरू नावाचं बंदराचं शहर आहे, तिथे सुमो पैलवानांचा दौरा आला होता. शहराचे महापौर आखाड्यावर उभं राहून भाषण करत होते आणि बोलता बोलता कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आजूबाजूचे पुरुष गोंधळून उभे. तेवढ्यात प्रेक्षकांतून काही बायका वर चढल्या, त्यांत एक नर्स होती, आणि त्यांनी महापौरांची छाती दाबायला सुरुवात केली. आणि त्याच वेळी लाउडस्पीकरवरून एका पंचाचा आवाज आला, की महिलांनी कृपया खाली उतरावं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नंतर तिथे मूठमूठ मीठ टाकलं गेलं. बघणाऱ्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल ते सांगायला नको.

महापौर वाचले. सुमो असोसिएशनचे अध्यक्ष हाक्काकु यांनी त्याच दिवशी माफी मागितली. पण दोनच दिवसांनी दौरा ताकाराझुकाला गेला, तिथल्या महापौर बाई होत्या, आणि त्यांना भाषण आखाड्याच्या बाजूला वेगळ्या फळीवर उभं राहून करावं लागलं. त्याच महिन्याच्या शेवटी अध्यक्षांनी एक निवेदन काढलं. त्यात बायकांना वर न येऊ देण्याची तीन कारणं दिली होती. सुमोचा उगम देवकार्यातून झाला. ही पारंपरिक संस्कृती आम्हाला जपायची आहे. आणि हा आखाडा म्हणजे पुरुषांची पवित्र झुंजीची, तालमीची जागा आहे. जिवावर बेतलं तर अपवाद, असंही म्हटलं.

मी इतिहासाचा माणूस. ‘परंपरा’ हा शब्द आला की माझा पहिला प्रश्न असतो, कधीपासूनची?

आधी जागा समजून घेऊ. सुमोच्या आखाड्याला म्हणतात दोह्यो. मातीचा चौकोनी ओटा, आणि त्यावर माती भरलेल्या पेंढ्याच्या गोण्या अर्ध्या पुरून केलेलं गोल कडं. कड्याबाहेर पाऊल पडलं, किंवा तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला, की हरला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ग्योजी, म्हणजे पंच, पुजाऱ्याच्या वेशात येऊन दोह्योच्या मधोमध खड्ड्यात मीठ, धुतलेले तांदूळ, चेस्टनट, समुद्री शेवाळ, सुकवलेला माकुळ आणि काया नावाच्या झाडाच्या बिया पुरतात. देव तिथे येतात. शेवटच्या दिवशी एका ग्योजीला हवेत उडवून झेलतात आणि देवांची पाठवणी होते. आपल्याकडे तालमीतली माती कपाळाला लावूनच पैलवान उतरतो, त्यामुळे मातीला देव मानणं आपल्याला काही नवीन नाही. बरं, देव परत गेल्यावर त्याच दोह्योवर बाईने कप द्यायला काय हरकत, असा प्रश्न साहजिकच पडतो. तो बाजूला ठेवू.

आता मागे जाऊ. ‘निहोन शोकी’ हा जपानचा जुना राजवृत्तांत इ. स. ७२० मध्ये पुरा झाला. त्यात नोमी नो सुकुने आणि ताइमा नो केहाया या दोन बलदंडांची कथा आहे. दोघं एकमेकांना लाथा मारतात, सुकुने दुसऱ्याच्या बरगड्या मोडतो, कंबर मोडतो, आणि तो मरतो. ही सुमोची जन्मकथा मानली जाते. आजच्या सुमोत लाथ मारली तर बाद करतात, ही गोष्ट वेगळी.

पण गंमत पुढे आहे. ‘सुमो’ हा शब्द त्या ग्रंथात पहिल्यांदा येतो तो या कथेत नव्हे. तो येतो सम्राट युर्याकूच्या प्रकरणात, इ. स. ४६९ ची म्हणून सांगितलेली हकिगत. एक सुतार बढाई मारत असतो की माझी कुऱ्हाड कधी चुकत नाही. सम्राट त्याची परीक्षा बघायला दरबारातल्या दासींना लंगोट बांधून त्याच्यासमोर कुस्ती खेळायला लावतो. सुताराचं लक्ष जातं आणि हात चुकतो. म्हणजे लेखी इतिहासातला पहिला ‘सुमो’ बायकांचा! प्रसंग काही गौरवाचा नाही, राजाच्या लहरीचा आहे. पण शब्द तिथे आहे, आणि तो कुणाला खोडता येत नाही.

पुढे नारा आणि हेइआन काळात दरबारात दरवर्षी सुमोचा सोहळा होई. प्रांतोप्रांतीचे पैलवान बोलावत. तेव्हा दोह्यो नव्हताच. मोकळ्या अंगणात कुस्ती, पाडला की जिंकला. बाराव्या शतकात तो सोहळा बंद पडला. म्हणजे जी जागा आज पवित्र म्हणून सांगतात, ती सुमोच्या पहिल्या कैक शतकांत अस्तित्वातच नव्हती.

दोह्यो आला तो धंदेवाईक सुमोबरोबर, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपास. देवळाच्या किंवा पुलाच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची म्हणून कुस्त्या भरवत. बेकार सामुराई, दांडगट तरुण, जुगार, मारामाऱ्या. प्रेक्षकच वर्तुळ करून उभे राहत आणि पडलेला पैलवान त्यांच्यात जाऊन आदळे, की लागली भांडणं. १६४८ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सरकारने बंदी घातली. १६८४ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली ती नियम आणि ठरावीक डाव पाळायच्या अटीवर. मला विचाराल तर दोह्योचं कडं हे पूजेपेक्षा बंदोबस्ताचं अपत्य जास्त आहे. देव त्यात नंतर बसवले. या एदो काळात बायकांना कुस्त्या बघायलाही सहसा सोडत नसत. शिंतो धर्मात रक्ताचा विटाळ मानतात, तीही कल्पना जुनीच आहे, हे मान्य करायला हवं. सगळंच नंतर रचलेलं आहे असं मी म्हणत नाही.

पण त्याच एदो आणि ओसाकात अठराव्या शतकात बायकांच्या सुमोचे खेळही चालत. तमाशासारखे, बरेचदा चावट. सरकार बंदी घाले, खेळ पुन्हा सुरू होत.

आता योकोझुना. सुमोतला सर्वांत वरचा मान, कमरेला पांढरा जाड दोर बांधायचा अधिकार. १७८९ मध्ये योशिदा नावाच्या घराण्याने तानिकाझे आणि ओनोगावा या दोघांना तो परवाना दिला, आणि १७९१ मध्ये शोगुन इएनारीसमोर कुस्त्या झाल्या. योशिदांना सुमोचे धर्मगुरू म्हणून आपलं बस्तान बसवायचं होतं. लक्षात घ्या, तो परवाना होता, पद नव्हतं. त्याच काळातला रायदेन २१ वर्षांत २५४ कुस्त्या जिंकला, फक्त १० हरला, आणि योकोझुना झालाच नाही. क्रमवारीच्या तक्त्यावर ‘योकोझुना’ हे शब्द पहिल्यांदा छापले गेले १८९० मध्ये. पद म्हणून नियमात आलं १९०९ मध्ये. आणि हे अमुकावे योकोझुना, ते तमुकावे, ही मोजणी आली कुठून? जिन्माकु क्यूगोरो नावाच्या निवृत्त योकोझुनाने जुन्या नावांची यादी जमवली आणि १९०० मध्ये तोक्योच्या तोमिओका हाचिमान देवळात दगडावर कोरून घेतली. यादीतला पहिला पुरुष, आकाशी, हा निम्मा दंतकथेतला. २०२५ मध्ये ओनोसातो ७५ वा योकोझुना झाला, तो या यादीनुसार.

पण खरा प्रसंग मेइजी काळात आला. १८५४ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी दुसऱ्यांदा जहाजं घेऊन आला, तेव्हा जपान्यांनी आपलं बळ दाखवायला सुमो पैलवानांकडून तांदळाची पोती उचलून नेववली. वीसेक वर्षं जातात न जातात, तोच सरकारला त्याच पैलवानांची लाज वाटू लागली. १८७१ मध्ये शेंड्या कापायचं फर्मान निघालं, सुमो पैलवान कसेबसे सुटले. १८७२ च्या तोक्योच्या किरकोळ गुन्ह्यांच्या नियमांत स्त्री-पुरुषांच्या कुस्तीच्या खेळाला बंदी आली, सापांच्या खेळाच्या जोडीला. वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली, की हा उघडा रानटी खेळ परदेशी लोकांसमोर कशाला? पैलवान इतके धास्तावले की त्यांनी आग विझवायचं पथक काढलं, आम्हीही उपयोगी आहोत हे दाखवायला. बायकांना कुस्त्या बघायला मोकळीक मिळाली तीही याच दशकात.

१८८४ मध्ये सम्राट मेइजी स्वतः कुस्त्या बघायला बसले आणि सुमो वाचला. मला वाटतं, तिथे पैलवानांना एक गोष्ट पक्की कळली. खेळ म्हणून राहिलो तर मरू, पवित्र झालो तर जगू.

मग १९०९. ऱ्योगोकु भागात घुमटाची मोठी इमारत उभी राहिली. वास्तुकार ताचुनो किंगो, म्हणजे पुढे तोक्यो स्टेशन बांधणारा. नाव काय द्यायचं? लेखक एमी सुइइनने उद्घाटनाच्या मजकुरात सुमोला ‘राष्ट्राचा खेळ’ म्हटलं होतं, त्यावरून ‘कोकुगिकान’. सुमो हा जपानचा राष्ट्रीय खेळ, असा कायदा नाही. इमारतीच्या पाटीवरून ते बिरुद चिकटलं. पुढच्याच वर्षी पंचांचा पोशाख बदलला. आधी ते एदो काळातला सामुराईचा पोशाख घालत, आता जुन्या दरबारी थाटाचे झगे आणि काळ्या टोप्या आल्या. आज टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं हजार वर्षांपूर्वीचा पंच उभा आहे.

१९२८ मध्ये रेडिओवर थेट प्रक्षेपण सुरू झालं. तोवर दोघे पैलवान मनाला येईल तितका वेळ एकमेकांकडे बघत बसत. रेडिओच्या वेळापत्रकात ते बसेना, म्हणून दहा मिनिटांची मर्यादा आली. १९३१ मध्ये दोह्योवरच्या छपराला इसेच्या मंदिराच्या धाटणीचा आकार दिला, आणि त्याच वर्षी कडं १३ शाकूंचं १५ शाकूंचं केलं, म्हणजे साधारण साडेचार मीटर. १९५२ मध्ये चारही खांब काढले, कारण मागच्यांना दिसत नसे. छप्पर वरून टांगलं, खांबांच्या जागी चार रंगांचे गोंडे आले. देवळाचं छप्पर, आणि खाली खांब नाहीत! प्रेक्षकांसाठी पवित्र जागेचे खांब काढता येतात. हे मी चेष्टेने म्हणत नाही. त्यांनी जे केलं ते शहाणपणाचंच केलं.

आता १९७२ बघा. ताकामियामा, हवाईचा अमेरिकन, स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी. अमेरिकेचे राजदूत दोह्योवर चढले आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. आणि १९९० मध्ये जपान सरकारच्या मुख्य कॅबिनेट सचिव मोरियामा मायुमी पंतप्रधानांचा कप द्यायला येते म्हणाल्या, तर नकार. २००० मध्ये ओसाकाच्या गव्हर्नर ओता फुसाए, जपानच्या पहिल्या महिला गव्हर्नर, त्यांनाही नकार. परक्या देशाचा पुरुष चालतो, आपल्या सरकारातली बाई नाही. मोरियामाबाईंचा हा दुसरा झगडा होता बरं का. १९७८ मध्ये पाचवीतली एक मुलगी मुलांच्या स्पर्धेच्या स्थानिक फेरीतून निवडली गेली, पण अंतिम फेरी कोकुगिकानमध्ये असल्यामुळे तिला खेळू दिलं नाही. तेव्हा कामगार मंत्रालयात महिला आणि मुलांचा विभाग त्यांच्याकडे होता, आणि त्यांनी असोसिएशनला जाब विचारला होता. उत्तर मिळालं, की हा स्त्रियांशी भेदभाव नव्हे.

हौशी सुमोत मात्र वारं वेगळं आहे. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, ऑलिंपिकमध्ये शिरायचं तर बायका हव्यातच, म्हणून महिलांना दार उघडलं. २००१ पासून महिलांची जागतिक स्पर्धा होते. वजनी गट आहेत, मातीचं कडं तेच, मुठी जमिनीला टेकवून उठायचं तेही तेच. जपानमधल्या कॉलेजांच्या मुली त्यात पदकं जिंकतात. शिक्षण संपलं की धंदेवाईक तालमीचं दार मात्र त्यांच्यासाठी नाही, आणि त्याच वयाचा, त्यांच्याकडून हरलेला मुलगा तिथे भरती होऊ शकतो.

वेळ झाली. बाकीचं प्रश्नोत्तरांत घेऊ. मागे कुणीतरी मघापासून हात वर केलाय, तुम्ही विचारा आधी.