जांभळ्या जर्सीचं कूळ

एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबच्या जर्सीचे रंग दोन होते, नारिंगी आणि जांभळा. जांभळ्याची सोयरीक थेट इटलीतल्या फ्लोरेन्स शहराशी आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिथला फियोरेंतिना हा क्लब पुण्याचा भागीदार होता, आणि जांभळा ही त्याची ओळख १९२९ च्या सुमारास ठरलेली. तांबड्या-पांढऱ्या जर्सी नदीत धुताना रंग उतरला आणि त्या जांभळ्या झाल्या, अशी दंतकथा तिथे सांगतात.

या कुळाला दिवाळखोरी नवी नव्हती. २००२ मध्ये फियोरेंतिना कर्जात बुडाला. खेळाडूंचे पगार थकले आणि क्लबची मान्यताच गेली. पण काही आठवड्यांतच शहराच्या महापौरांनी पुढाकार घेतला आणि चामड्याच्या पादत्राणांचे उद्योजक दिएगो देल्ला व्हाले यांनी पैसा घातला. ‘फ्लोरेन्तिया व्हियोला’ या नावाने क्लब चौथ्या श्रेणीपासून पुन्हा खेळू लागला. इटलीच्या राष्ट्रीय संघातला आंजेलो दि लिव्हिओ त्या खालच्या श्रेणीतही क्लबसोबत राहिला. २००३ मध्ये जुनं नाव परत मिळालं, २००४ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत पोचला. जर्सी शहराची होती, म्हणून शहराने ती पडू दिली नाही.

पुण्यात जर्सी मालकांची होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी वाधवान घराण्याच्या डीएचएफएल कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला, आणि आठवड्याभराने लीगचा नवा मोसम सुरू झाला. आदल्या वर्षी उपांत्य फेरी गाठणारा याच घराण्याचा पुण्याचा संघ या वेळी दहांत सातवा आला. बालेवाडीच्या मैदानावरचा तो शेवटचा मोसम. मालकांनी हात काढून घेतला आणि २०१९ मध्ये क्लब बंद झाला. त्याची लीगमधली जागा, बरेचसे खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राऊन हैदराबादला गेले. तिथली जर्सी पिवळी होती.

म्हणून पुण्याच्या त्या शेवटच्या मोसमाची जर्सी मला साध्या संग्राहकाच्या हौसेपेक्षा मोठी वाटते. फियोरेंतिनाला जुनी जर्सी केव्हाही नव्याने काढता येते, क्लब जिवंत आहे. पुण्याच्या जर्सीमागे आता क्लबच नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ती काचेआड ठेवावी, शेजारी २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्र युनायटेडची आणि पुणे एफसीचीही. मालकांनी हात काढून घेतल्यावर त्या दोन्ही संघांचीही हीच गत झाली.