एका राजीनाम्याची गोष्ट

गावच्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या कार्यकारी मंडळात भांडण झाले, की आपण पारावर बसून म्हणतो, "संपले, आता ही संस्था बुडाली." पण सगळीच भांडणे खुर्चीपायी होत नाहीत. पुण्यात १८९० साली एक भांडण झाले, ते कशासाठी, हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. शिक्षकमंडळींनी तर पाहावेच.

२ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडलेली, टिळक नुकतेच शिकून बाहेर पडलेले. नामजोशी होते, वामनराव आपटे आले, पुढच्या वर्षी आगरकर आले. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. आजीव सभासदाने २० वर्षे सेवा करायची, पगार महिना ७५ रुपये. याच माणसांना सरकारी खात्यात याहून पुष्कळ अधिक मिळाले असते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच लोकांचा विश्वास बसला, देणग्या आल्या. भांडवल म्हणाल तर ते हेच!

आता खरी गोम इथे आहे. ७५ रुपयांत संसार कसा चालायचा? कोणी पाठ्यपुस्तके लिहू लागला, कोणी सार्वजनिक कामात पडला. टिळकांचे म्हणणे असे, की आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा. बाहेरची मिळकत झाली तर तीही संस्थेची. दुसरी बाजू म्हणे, नेमून दिलेले काम चोख केले म्हणजे उरलेला वेळ ज्याचा त्याचा. आगरकर या बाजूचे. सामाजिक सुधारणेवरून दोघा मित्रांत आधीच अंतर पडले होते, त्यामुळे शब्दाला शब्द लागत गेला. शेवटी तरुण प्राध्यापक गोपाळराव गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, आणि ठिणगी पडली. १८९० अखेर टिळकांनी सविस्तर, लांबलचक राजीनामा लिहून संस्था सोडली.

कोण बरोबर होते? मला स्वतःला टिळकांचा युक्तिवाद अधिक सरळ वाटतो. त्यागाच्या नावावर देणगी मागायची आणि फावल्या वेळात वेगळी कमाई करायची, हे जमत नाही. पण पोरेबाळे असलेल्या माणसाला ७५ रुपयांत बांधून ठेवून वर त्याच्या घड्याळावर नजर ठेवायची, हेही कठीणच. तुमच्यापैकी ज्यांनी खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर दिवस काढले असतील, त्यांना हे सांगायला नको.

पुढे काय झाले ते मोठे मौजेचे आहे. संस्था बुडाली नाही. १८९२ त आपटे वारले, आगरकर प्राचार्य झाले. १८९५ त तेही गेले. तरी पगाराचा नियम टिकला. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे परत येऊन याच ७५ रुपयांवर रुजू झाले. गोखले १९०२ त निवृत्त झाले आणि १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला. तेथल्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात मी माझी शक्ती खर्च करणार नाही. म्हणजे टिळकांनी जी अट मागितली, जवळजवळ तीच! ज्यांच्यावरून ठिणगी पडली, त्यांनीच ती आपल्या संस्थेच्या पायात घातली.

आणि टिळकांच्या जाण्याने गणिताची जी जागा रिकामी झाली, तिच्यावर १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. या गृहस्थांनी मोकळ्या वेळेचा उपयोग काय केला? १८९६ त विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याला गेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी, चिखल असो की अंधार, पायी हिंगण्याची वाट धरायची.