डेक्स म्हणजे काय? पहिला व्यवहार करण्याआधी हे वाचा

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांना आपली क्रिप्टो वर्षभराहून अधिक काळ काढता आली नाही. अशा घटनांनंतर सोशल मीडियावर हमखास सल्ला दिसतो : ‘डेक्स वापरा.’ सल्ला अर्धाच खरा आहे.

डेक्स म्हणजे काय?

रत्नागिरीचा बागायतदार वाशीच्या बाजारात दलालामार्फत आंबा विकतो, तेव्हा माल आणि हिशोब काही काळ दलालाच्या हाती असतो. साधे एक्स्चेंज तसेच असते. डेक्स, म्हणजे विकेंद्रित एक्स्चेंज, यात दलाल नसतो. क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटमध्ये राहते आणि अदलाबदल ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम करतो. २०१८ मध्ये सुरू झालेले युनिस्वॅप हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मात्र दलाल नाही, म्हणजे तक्रार ऐकणाराही नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम कोणी परत आणून देत नाही.

रुपयांपासून सुरुवात

डेक्सवर रुपये थेट चालत नाहीत. त्यामुळे केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणीकृत असलेल्या एक्स्चेंजवर केवायसी करून क्रिप्टो घ्यावी आणि मग वॉलेटमध्ये पाठवावी. टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाशी रुपयांचा व्यवहार टाळावा. त्याचा पैसा फसवणुकीतला निघाला, तर आपले बँक खाते गोठू शकते.

वॉलेटची किल्ली

वॉलेट उघडताना १२ किंवा २४ शब्द मिळतात. ते ज्याच्याकडे, त्याचे वॉलेट. हे शब्द कागदावर लिहून ठेवावेत. स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप, ईमेल यांत कधीही नाही. खरा ‘कस्टमर केअर’ हे शब्द कधीच मागत नाही.

पहिला व्यवहार करताना

- डेक्सचा पत्ता स्वतः तपासून बुकमार्क करावा. सर्च केल्यावर वर दिसणारी जाहिरात बनावट साइटची असू शकते.
- कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ लिहिलेल्या पेटीत विकला जातो, तसे टोकनचे नावही कोणी वापरू शकतो. टोकनची खरी ओळख त्याचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता. तो प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरून घ्यावा.
- आधी अगदी लहान रक्कम पाठवावी. ‘गॅस’ म्हणजे नेटवर्कचे शुल्क. ते व्यवहार फसला तरी जाते.
- ‘अप्रूव्ह’ दाबणे म्हणजे वॉलेटमधून टोकन काढण्याची परवानगी देणे. अमर्याद परवानगी देऊ नये आणि काम झाल्यावर ती रद्द करावी.
- ‘स्लिपेज’ म्हणजे ठरलेल्या भावात चालेल तेवढा फरक. तो जास्त ठेवायला सांगणाऱ्या टोकनपासून सावध राहावे.

कर चुकत नाही

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. टोकन देऊन टोकन घेतले तरी व्यवहार करात मोजला जातो. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही लागू आहे. डेक्स हिशोब पाठवत नाही. तारीख, रक्कम आणि भाव स्वतःच लिहून ठेवावे लागतात.

फसवणूक झाली तर

ताबडतोब १९३० वर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा हॅश आणि समोरच्या वॉलेटचा पत्ता जपून ठेवावा. तपास तिथूनच सुरू होतो. ‘फी भरा, गेलेले पैसे काढून देतो’ म्हणणारा हा बहुधा दुसरा ठग असतो.