कनेक्शनला नाव कसं मिळालं

डेटाबेस अडखळला की डीबीए सगळ्यात आधी विचारतो: ही क्वेरी कोणाची? उत्तर कनेक्शनमध्येच लिहून ठेवण्याची सोय फार जुनी आहे. तिची खरी किंमत मात्र पुढे कळली.

सायबेसच्या एसक्यूएल सर्व्हरला जोडताना क्लायंट जे लॉगिन पॅकेट पाठवायचा, त्यात यंत्राचं नाव, युजर आणि पासवर्ड यांच्या जोडीला प्रोग्रामच्या नावासाठी ३० बाइटची जागा राखलेली होती. तिथे काही लिहिलं नाही तरी काम चालायचं, कारण तेव्हा सहसा प्रत्येक माणसाचा डेटाबेसमध्ये स्वतःचा लॉगिन असे.

वेबच्या काळात मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर आला आणि त्याच्यासोबत कनेक्शन पूल. हजारो ग्राहकांची कामं मोजक्याच कनेक्शन्समधून आणि एकाच युजरच्या नावाने होऊ लागली. वेग वाढला, पण माणूस दिसेनासा झाला. ही हानी छोटी नव्हती. एखाद्या रिपोर्टने टेबल लॉक केलं, तर तो कुणी चालवला हे डेटाबेसला सांगताच येईना.

ओरॅकलने यासाठी डीबीएमएस_ॲप्लिकेशन_इन्फो हे पॅकेज दिलं होतं: मॉड्यूलला ४८ बाइट, ॲक्शनला ३२, क्लायंट इन्फोला ६४. पण प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी. २००६ च्या अखेरीस जावा ६ सोबत आलेल्या जेडीबीसी ४.० ने ही सोय थेट ड्रायव्हरच्या कनेक्शनवर आणली. सेटक्लायंटइन्फो ही मेथड आणि ॲप्लिकेशननेम, क्लायंटयुजर, क्लायंटहोस्टनेम ही तीन नावं ठरली. त्यातली एक मुभा मला फार शहाणपणाची वाटते: नाव लगेच डेटाबेसकडे धाडायची सक्ती नाही, पुढची क्वेरी जाईल तेव्हा ड्रायव्हरने ते पाठवलं तरी चालतं. त्यामुळे निव्वळ नावासाठी नेटवर्कवर वेगळा हेलपाटा पडत नाही.

पूलमध्ये मात्र एक काळजी घ्यावीच लागते. कनेक्शन परत करताना माहिती पुसली नाही, तर ते पुढच्या माणसाच्या हाती मागच्याच्या नावानिशी जातं. चुकीचं नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण तपास भलत्याच दाराशी जातो. शिवाय ही माहिती क्लायंटने स्वतः सांगितलेली असते. शोध घ्यायला ती उत्तम, पण कुणाला काय पाहू द्यायचं हे तिच्यावर ठरवू नये.

पोस्टग्रेसमध्ये ॲप्लिकेशन_नेम आलं ९.० आवृत्तीत, २०१० साली. ते पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत दिसतं, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीआधीही छापता येतं. पण त्यात फक्त साधी आस्की अक्षरं चालतात. आपण ‘पगार’ असं नाव दिलं, तर यूटीएफ-८ मधले त्याचे बारा बाइट म्हणजे बारा प्रश्नचिन्हं उमटत. आवृत्ती १६ पासून त्यांच्या जागी हेक्स आकडे दिसतात. निदान त्यातून मूळ नाव परत काढता येतं, पण देवनागरी अजून दिसत नाही.

मोंगोडीबीने ३.४ मध्ये ड्रायव्हरलाच ओळख सांगायला लावली: ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, सगळं मिळून ५१२ बाइटांत. ही ओळख पहिल्या हस्तांदोलनातच दिली जाते आणि नंतर बदलत नाही. रेडिसने २०२३ मध्ये ७.२ आवृत्तीत क्लायंट सेटइन्फो आणून लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती यांना स्वतंत्र जागा दिली.