गंजिफांची पारख

काव्याचे गुणदोष कसे पाहावे, चित्राची परीक्षा कशी करावी, याविषयीं आमच्या मासिकांतून पुष्कळ चर्चा होते. परंतु खेळण्याच्या पानाची परीक्षा कोणी व कशी करावी, हा प्रश्न क्वचितच निघतो. तो क्षुल्लक वाटतो. पण तसा तो नाहीं. पत्त्याचें पान ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. तें चित्र आहे, पण भिंतीवर लावण्यासाठीं काढलेलें नाहीं. तें चिन्ह आहे, पण अक्षराप्रमाणें वाचीत बसावयाचें नाहीं. तें हातांत धरावयाचें, निमिषांत ओळखावयाचें आणि टाकावयाचें असतें. अशा वस्तूला चांगलें किंवा वाईट म्हणण्याचा अधिकार चित्रकाराचा, धनिकाचा, कीं खेळणाराचा? हिंदुस्थानांतील गंजिफेचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर चार शतकें देत आला आहे.

गंजिफेचा आपल्या देशांतील प्राचीन व निःसंशय उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत सांपडतो. सिंधमधील शहा हसन याला या खेळाची आवड असल्यामुळें बाबरानें १५२७ सालीं त्याच्याकडे गंजिफा पाठविल्या. यापुढचा महत्त्वाचा उल्लेख अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत आहे. वऱ्हाडच्या वाचकांना हा ग्रंथ परका नाहीं. १५९६ सालीं वऱ्हाड मोगलांकडे आल्यावर त्या सुभ्याची सरकारवार मोजदाद याच ग्रंथांत नमूद झाली. पातूर-बाळापुराकडील मुलखाचा त्या काळचा हिशेब पाहावयाचा तर आजही हाच ग्रंथ उघडावा लागतो. जमिनीचा महसूल आणि हत्तींचा खुराक ज्या बारकाईनें अबुल फजल लिहितो, त्याच बारकाईनें तो बादशहाच्या खेळण्याच्या पानांचें वर्णन करतो.

त्याच्या सांगण्याप्रमाणें जुनी गंजिफा बारा रंगांची होती व प्रत्येक रंगांत बारा पानें होतीं. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति, नौकापति अशीं त्या रंगांच्या राजांचीं नांवें. अकबरानें या पानांत फेरफार केले. त्याच्या धनपतीच्या रंगांत राजा द्रव्य वांटीत आहे, वजीर खजिन्याची पाहणी करीत आहे, आणि उरलेल्या दहा पानांवर जवाहिऱ्या, धातु वितळविणारा, तोलणारा, नाणें पाडणारा असे खजिन्याचे व टांकसाळीचे कामगार आहेत. कल्पना मोठी बहारीची! सारा राज्यकारभारच पत्त्यांत उतरविण्याचा हा घाट होता. दरबारांत या पानांचें कौतुक झालें नसेल तरच नवल.

परंतु खेळणारांनीं या योजनेंतून काय ठेविलें व काय टाकिलें, तें पाहण्यासारखें आहे. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश असे आठ रंग व शहाण्णव पानें असलेली मोगली गंजिफा पुढें देशभर पसरली. या रंगांचीं नांवें अबुल फजलाच्या यादीशीं जुळतात. मात्र आज संग्रहालयांतून जे जुने जोड पाहावयास मिळतात, त्यांत टांकसाळीचे दहा निरनिराळे कामगार बहुधा दिसत नाहींत. शमशेरीची सत्ती म्हणजे सात तलवारी. चंगाची पंजी म्हणजे पांच वाद्यें. याचें कारण आमच्या मतें उघड आहे. तोलणारा मोठा कीं वितळविणारा मोठा, हें आठवीत बसण्यास खेळणाराला सवड नसते. सात तलवारी मात्र मोजतां येतात. बादशहाच्या कल्पनेवर कोणीं टीकालेख लिहिला नाहीं, आणि लिहिण्याची छातीही कोणास झाली नसती. पण चटईवर बसलेल्या खेळणारांनीं मुकाट्यानें जो निवाडा दिला, तोच कायम झाला.

महाराष्ट्रांत रूढ झाली ती दशावतारी गंजिफा. तिचे रंग दहा व पानें एकशेंवीस. प्रत्येक रंगांत अवतारमूर्ति हा राजा, त्याखालीं प्रधान, आणि मग एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. मत्स्याचा मासा, कूर्माचें कासव, वामनाचा कमंडलु, परशुरामाचा परशु अशा खुणा मोजून पानाची किंमत ठरते. तिघे खेळणारे बसले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस पानें येतात. पांच रंगांत दश्शीचा मान मोठा, तर उरलेल्या पांचांत उलट एक्क्याचा. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानें उतरावयाचें, रात्रीं असेल तर कृष्णाचा राजा असेल त्यानें. हुकुमाचा रंग नाहीं. कोणतीं पानें पडून गेलीं तें ध्यानांत ठेवील त्याचाच जय.

हा खेळ डोळ्यांपुढें आणला म्हणजे पानाकडून काय काय अपेक्षा आहेत तें कळतें. चाळीस पानें हातीं आल्यावर त्यांतील मासे एकीकडे व कासवें एकीकडे करावयाचीं, तर दोन्ही खुणा दुरून वेगळ्या दिसल्या पाहिजेत. म्हणूनच प्रत्येक रंगाच्या पानांची जमीन निराळ्या वर्णाची ठेवण्याची चाल पडली. खूण पाहण्यापूर्वीं वर्णच रंग सांगतो. सत्ती व अठ्ठी यांत गोंधळ होऊं नये म्हणून खुणांची मांडणी सुटसुटीत व ठरीव हवी. राजा आणि प्रधान एकाच अवताराचे असले तरी एक दुसऱ्यासारखा भासतां कामा नये. पाठ सगळ्यांची एकसारखी व बिनखुणेची पाहिजे, नाहींतर प्रतिस्पर्धी पाठीवरूनच पान ओळखील. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, घोटून आणि लाखेचा हात देऊन पान तयार करीत, त्याचा हेतु केवळ शोभा हा नव्हता. गुळगुळीत नसलेलें पान पिसतां येत नाहीं, आणि मऊ पडलेलें पान हातांत उभें राहत नाहीं.

गंजिफेंत ‘दरबार कलम’ आणि ‘बाजार कलम’ असे दोन भेद प्रसिद्ध आहेत. दरबारी पानें हस्तिदंताचीं, कांसवाच्या पाठीचीं, सोनेरी वेलबुट्टीचीं. बाजारी पानें साधीं, झपाझप ओढलेल्या रेषांचीं. रसिक मंडळी सहसा पहिल्यांचीच वाहवा करतात. पण बाजारी पानाचा चितारी रोज गिऱ्हाइकाच्या समोर उभा असे. अठ्ठी नीट मोजतां येत नाहीं अशी तक्रार आली तर दुसऱ्या जोडांत ती सुधारल्यावांचून त्याचा माल खपत नसे. त्या घाईच्या रेषेंत जें उरलें तें खेळाला अवश्य होतें म्हणून उरलें. ही एक प्रकारची टीकाच होय, आणि ती फार प्रामाणिक टीका होय.

याच्या उलट उदाहरण म्हैसूरचें. तेथील तिसरे कृष्णराज वाडियार (१७९४–१८६८) यांना अशा खेळांचा विलक्षण नाद होता. त्यांनीं ‘चद’ या नांवाचे तेरा खेळ योजिले. कांहीं जोडांतील पानांची संख्या तीनशेंच्या वर गेली. देवता, ग्रह, वाहनें, आयुधें, सर्वांना त्यांत स्थान मिळालें. विद्वत्ता व कारागिरी या दृष्टीनें हीं पानें अपूर्व आहेत. पण तीनशें पानांची स्मृति ठेवणारे खेळाडू आणावयाचे कोठून? राजवाड्याबाहेर हे खेळ फारसे रुजले नाहींत. राजाच्या योजनेला ‘महाराज, पानें फार झालीं’ असें म्हणणारा खेळगडी भेटत नाहीं, हें त्या योजनेचें दुर्दैव.

पुढें विलायतेहून बावन पानांचे छापील जोड आले आणि गंजिफा मागें पडली. स्वस्ताई हें त्याचें मोठें कारण खरें, परंतु तेंच एक नव्हे. त्या पानांवरही खेळणारांच्या टीकेचे संस्कार झालेले होते. राजा-राणीचें चित्र उलटसुलट दोन्ही बाजूंनीं सारखें केल्यामुळें पान फिरवावें लागत नाहीं, व हातांतील चित्रें कोणतीं हें प्रतिपक्ष्यास कळत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोपऱ्यांत अंक घालण्याची पद्धति रूढ झाली, तेव्हां पंख्याप्रमाणें धरलेलीं तेरा पानें एका नजरेंत वाचतां येऊं लागलीं. गोल गंजिफेला कोपराच नव्हता!

सावंतवाडीस ही कला अगदीं विझावयास आली होती. पुंडलीक चितारी या वृद्ध कारागिराकडून शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं ती शिकून घेतली आणि १९७० नंतरच्या काळांत राजवाड्यांत तिला पुनः आश्रय दिला. या उपकाराचें मोल थोडें नाहीं; तो हात त्या वेळीं धरला नसता तर आज दाखवावयास जोड उरला नसता. तथापि एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. आज ह्या गंजिफा घेणारांपैकीं बहुतेक जण त्या भेट देण्यासाठीं अथवा चौकटींत बसविण्यासाठीं घेतात. चितारी आहे, गिऱ्हाईक आहे, पण ‘ही अठ्ठी मोजतां येत नाहीं’ म्हणून जोड परत आणणारा कोणी नाहीं. कलेला आश्रयदाता पुनः मिळाला. परीक्षक मात्र अद्याप मिळावयाचा आहे.

हा विचार जुन्या वस्तूंपुरताच नाहीं. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें ‘मॅजिक’ नांवाचा, पानांची अदलाबदल करून खेळावयाचा खेळ काढला. तेव्हांपासून स्वतःच्या कल्पनेचीं पानें रचण्याचा छंद मुलांत फैलावला आहे. समजा, पातूरच्या एखाद्या मुलानें गांवच्या डोंगरांतील लेणीं, टेकडीवरची रेणुकामाता आणि आपल्या भोंवतालचीं झाडेंपांखरें घेऊन पानें काढलीं व तीं आपणांपुढें ठेविलीं. ‘छान आहेत’ एवढें म्हणून तीं परत देणें सोपें आहे. ‘हात साफ नाहीं’ म्हणून नाकें मुरडणें त्याहून सोपें. दोन्हींनीं त्या मुलास कांहींच लाभत नाहीं. त्याच्यासमोर चटई अंथरावी, पानें पिसावीं, आणि एक डाव खेळावा. कोणत्या पानाशीं हात अडखळला, कोणतीं दोन पानें एकमेकांसारखीं भासलीं, कोणतें पान इतकें प्रबळ निघालें कीं दुसऱ्यांना कामच उरलें नाहीं, हें डाव संपतांना आपोआप सांगतां येईल.

अकबराच्या दरबारांत ज्या परीक्षेला वाव नव्हता, ती परीक्षा आपल्या घरीं, दिव्याखालीं, विनासायास होऊं शकते. सावंतवाडीचा जोड ज्यांच्या दिवाणखान्यांत चौकटींत बसला आहे, त्यांनींही एकदां तो खालीं काढून पाहावा. दिवस असेल तर रामाच्या राजानें उतरावें, रात्र असेल तर कृष्णाच्या.