शेपटीचं चाक की नाकाचं? एचटी-२ ते घरी बनवलेलं विमान



विषय थोडा बदलावा लागतोय, त्याचं कारण आधी सांगतो. मघाशी बाहेर चहा घेताना एक मुलगा आमच्याजवळ आला. घरच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान बनवतोय म्हणाला. सांगाड्याचं वेल्डिंग अर्धं झालंय. त्याचा प्रश्न एवढाच होता, ‘सर, तिसरं चाक शेपटीखाली लावू की नाकाखाली?’ आम्ही विचारलं, उतरवणार कुठे? तर म्हणाला, आमच्याच रानात. वडील कापूस मोडून पट्टी करून द्यायला तयार आहेत.

आता यावर काय बोलणार! आम्ही आलो होतो मराठी माणसांच्या विमानविद्येचा इतिहास सांगायला. पण त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्याच इतिहासात आहे, म्हणून आज तेवढंच बोलू.

घरी विमान बनवणारा म्हटलं की आपल्याला कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. विमान बनवणं एक आणि ते कायद्याने उडवणं दुसरं, एवढं त्यावरून लक्षात ठेवा. आम्हाला आज मात्र त्यांच्याही आधीच्या एका माणसाकडे जायचंय.

डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, मूळचे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रात प्रांटल म्हणजे शेवटचा शब्द. घाटगे परत आले, बंगळूरला शिकवलं आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे करू लागले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ उडालं. दोन आसनांचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं, आपल्या माणसांनी आपल्या देशात आखलेलं विमान. त्याला दोन मोठी चाकं पंखांखाली होती आणि एक छोटं चाक शेपटीखाली.

यात गंमत अशी की हवाई दलाकडे १९४८ सालीच व्हॅम्पायर जेट आली होती, आणि त्यांना नाकाखाली चाक होतं. म्हणजे नवी पद्धत घाटग्यांना ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. मग शेपूट का निवडली?

आमचं मत असं की त्यांनी जमीन पाहिली. त्या काळी विमान जिथे उतरायचं त्याला धावपट्टी म्हणणं जरा जास्तच होईल. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ घेऊन जुहूला उतरले, ते जुहू म्हणजे समुद्रकाठची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि टपालाचं विमान पुण्याला हलवावं लागायचं. २४ मे १९४८ ला मेहरसिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले, ते सिंधूकाठच्या वाळूवर, डाकोटातून. डाकोटालाही शेपटीचंच चाक. आणि तुमच्या आजोबांनी रझाकारांचे जे दिवस पाहिले, तेव्हा सिडनी कॉटन नावाचा माणूस रात्री-अपरात्री बिदर-वरंगळला निजामासाठी शस्त्रं उतरवत होता. त्याची लँकेस्ट्रियन विमानंही शेपटीवरच बसायची. पक्ष कुठलाही असो, चाक तेच.

कारण साधं आहे. इंजिन पुढे, पंखा पुढे. शेपूट खाली टेकली की नाक वर उचललं जातं आणि पंख्याची पाती ढेकळांपासून, दगडांपासून लांब राहतात. शेपटीचं चाक लहान, हलकं, त्याच्यावर भार कमी. नाकाखालच्या चाकाला मात्र लांब, जाड पाय लागतो, ब्रेक मारला की सगळा भार त्याच्यावर येतो, आणि खड्ड्यात तोच पहिला मोडतो. अमेरिकेत घरी बांधायच्या विमानांत व्हॅनच्या आरव्ही मालिकेचं मोठं नाव आहे. आरव्ही-६ घेतलं तर चाक शेपटीला, आरव्ही-६ए घेतलं तर नाकाला. विमान तेच, निवड तुमची. त्यातल्या नाकवाल्यांचा पुढचा पाय मऊ जमिनीत रुतून मागे दुमडला आणि विमान उलटं झालं, असे अपघात नोंदलेले आहेत.

मग सगळ्यांनी शेपूटच का नाही ठेवली? इथे आपली ट्रॅक्टरची ट्रॉली आठवा. ट्रॉली पुढे ओढताना कशी मुकाट्याने मागे येते! रिव्हर्स घ्यायला लागलात की जरा वाकडी झाली तर आणखी वाकडी होते, आणि बघता बघता आडवी. शेपटीच्या चाकाचं विमान जमिनीवर कायम रिव्हर्समधल्या ट्रॉलीसारखं असतं. विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. विमान थोडं तिरकं टेकलं की मागचं वजन पुढे यायला बघतं, आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. माणूस बहुधा वाचतो, पण पंखाचं टोक आणि चाकाचा पाय जातो. नाकाचं चाक असलं की गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या पुढे असतो, आणि तिरकं टेकलेलं विमान आपोआप सरळ होतं.

म्हणून मोठी चाकं नेमकी कुठे बसवायची यावर सगळं अवलंबून आहे. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वजन फार मागे गेलं की गाडी उलाळ होते, फार पुढे गेलं की बैलांच्या मानेवर येतं. विमानाच्या पुस्तकांतला नियमही त्याच जातीचा आहे. शेपटीच्या विमानात चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्याकडे रेघ काढा. ती उभ्या रेषेपासून मागे साधारण १६ ते २५ अंश झुकलेली हवी. कोन कमी भरला तर ब्रेक मारताच विमान तोंडावर पडेल. जास्त भरला तर फिरण्याची खोड वाढेल.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं कारण. जुनी विमानतळं म्हणजे नुसती मोकळी गवताळ मैदानं होती. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचं. पुढे डांबरी, काँक्रीटची लांब पट्टी आली आणि दिशा कायमची ठरली. वारा मात्र ठरलेला नाही. तो आडवा यायला लागला, आणि आडव्या वाऱ्यात शेपटीचं चाक नवख्याची परीक्षा घेतं. १९५६ साली सेसनाने आपल्या १७० मॉडेलच्या शेपटीचं चाक काढून नाकाखाली लावलं, नाव १७२ ठेवलं, आणि जगभरच्या फ्लाइंग क्लबांनी ते उचललं. चाक होतं तेच होतं, खालचं मैदान बदललं होतं.

आपल्याकडे हा बदल सावकाश आला. १९५८ सालचं पुष्पक, पुढचं लष्कराच्या टेहळणीचं कृषक, दोन्ही शेपटीवालीच. कित्येक भारतीय वैमानिक पुष्पकवर शिकले. एचटी-२ ची जागा घ्यायला आलेलं एचपीटी-३२ नाकाच्या चाकाचं होतं, आणि तेच २००९ साली अपघातांमुळे जमिनीवर बसवावं लागलं. दोष इंजिनाकडचा होता, चाकांचा नव्हे. तेव्हा नाकाला चाक लावलं की सगळं सुरक्षित, असंही कुणी समजू नये.

तर बाळा, तू मागे बसला आहेस, ऐक. तुझं रान काळ्या मातीचं आहे. पावसाळ्यात तिथे कुठलंच चाक चालणार नाही, ट्रॅक्टर रुततो तिथे विमान काय! एप्रिल-मेमध्ये हाताएवढ्या भेगा पडतात. त्यात नाकाचा पाय अडकला तर काय होतं ते आत्ताच सांगितलं, आणि शेपटीवालंही तोंडावर पडू शकतं. डांबरी पट्टी मिळवायची असेल, सरकारी परवानगी घेऊन नांदेड-लातूरकडे उतरायचं असेल, तर नाकाचं चाक लाव. कारण आपल्याकडच्या बहुतेक फ्लाइंग शाळांत आज तेच शिकवतात, आणि तुझे हातपाय त्यालाच सरावतील. शेपटीचं लावायचं मनात पक्कं असेल, तर आधी शेपटीच्या विमानावर शिकवणारा गुरू शोध, जवळ बसून शिक, मग लाव. आम्हाला स्वतःला शेपटीचं विमान जास्त देखणं वाटतं, पण तू देखणेपणावर जाऊ नकोस.

आणि वेल्डिंग आजच थांबव. चाक कुठे येणार यावर सांगाड्यातल्या कुठल्या नळ्यांना जाडी द्यायची हे ठरतं. नाकाचं असेल तर इंजिनाच्या चौकटीला तो भार पेलावा लागेल, शेपटीचं असेल तर शेवटच्या नळीला. आधी इंजिन, दोन माणसं, पेट्रोल, सगळं धरून गुरुत्वमध्य काढ, कागदावर तो कोन मोज.

वडिलांना सांग, यंदाचा कापूस वेचून होऊ दे. आता बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.